गच्चीवरून नेब्युला: नॅरोबँड फिल्टर घ्यावा की त्याच पैशात मामाच्या गावाला जावं?

गच्चीकर
मंडळी, प्रश्न साधा आहे पण घरात भांडण होईल इतका खर्चिक आहे, म्हणून आधी इथं विचारतो.

पुण्यात सिंहगड रोडला राहतो, चौथ्या मजल्यावर गच्ची. फोटो काढायला लागून दोन वर्षं झाली. सामान एवढंच: कॅनन ७००डी (आत काही छेडछाड न केलेला), जुनी २०० मिमी एफ २.८ लेन्स आणि एक स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र). मृगातला तेजोमेघ बरा आला, कृत्तिका बऱ्या आल्या, मग चढलं डोक्यात आणि या डिसेंबरात रोझेट नावाच्या तेजोमेघाच्या, म्हणजे नेब्युलाच्या, मागं लागलो. काक्षी ताऱ्याकडून प्रश्वा ताऱ्याकडं निघालं की तिसऱ्या हिश्शाच्या जरा पुढं, चंद्राच्या दुपटीहून मोठा, म्हणजे लपायला जागा नाही. तीन रात्री, ९० सेकंदांचे २१० फोटो, सव्वापाच तास. स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळे एकावर एक रचून एक केल्यावर हाती काय, तर मधला तारकागुच्छ छान टिपटिपीत आणि भोवती केशरी-तपकिरी चिखल. अंधुक भाग खूप ताणून उजळला की कुठंतरी गुलाबी डाग दिसतो, तो नेब्युला की मनाचे खेळ ते कळत नाही.

आता सगळीकडं वाचतोय ड्युअल-बँड फिल्टर, ड्युअल-बँड फिल्टर (नॅरोबँडचाच प्रकार, उजेडाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडतो). किंमत तीस हजारांच्या घरात. बायको म्हणते तेवढ्यात चार अमावस्यांना मामाकडं जाऊन येऊ, भोरच्या पुढं, तिथं काळंकुट्ट आकाश फुकट आहे.

काय करू?

भिंगरी
मामाकडं जा. जेवण पण मिळेल.

निशाचर_नाशिक
फिल्टर घे. डोळे झाकून घे. मामा कुठं पळून जात नाहीत.

गच्चीकर
@निशाचर दादा, घ्यायचा तर का घ्यायचा ते सांगा ना, मला बायकोला पटवायचंय :)

निशाचर_नाशिक
ठीक आहे, वहिनींसाठी हिशोब मांडतो.

रोझेटसारखा मेघ सगळ्या रंगांत चमकत नाही. त्याचा उजेड मोजक्या बारीक रेषांत असतो. हायड्रोजन अल्फा ६५६.३ नॅनोमीटरला, ऑक्सिजनची जोडरेष, त्यातली ठळक ५००.७ ला, गंधक ६७२ च्या आसपास. बस. गावातला उजेड मात्र सगळीकडं सांडलेला असतो. तुझ्या कॅमेऱ्याचा लाल पिक्सेल साधारण १०० नॅनोमीटरचा पट्टा बघतो. त्यात नेब्युलाची ती एक रेष आणि बाकी सगळी महानगरपालिका. आता पुढं ७ नॅनोमीटरचा फिल्टर लाव. रेष जवळपास तशीच्या तशी आत येते आणि पालिका चौदाव्या हिश्शावर येते. गर्दीतून ओळखीचा माणूस शोधायचा नसून बाकीची गर्दीच घरी पाठवायची, असा प्रकार आहे.

मी पंचवटीत राहतो, समोर चौकातला हायमास्ट. तरी बारा तासांत रोझेटच्या पोटातल्या काळ्या गाठी दिसल्या मला. फिल्टर नसता तर मी कधीच दुर्बीण विकून टीव्ही घेतला असता.

अवकाळी
हायमास्ट काय घेऊन बसलात. आमच्या मागं लग्नाचं लॉन आहे, मार्गशीर्ष ते माघ रोज बीम लाइट. त्यावर कुठला फिल्टर?

भिंगरी
त्यावर अक्षता.

आजोबांची_दुर्बीण
पूर्वी पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा बरं होतं बघा. त्यांचा उजेड मुख्यतः ५८९ च्या आसपास, साधा प्रदूषण फिल्टर लावला की बराचसा गळून जायचा. आता सगळीकडं पांढरे एलईडी, त्यांचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला. जुने फिल्टर कपाटात पडून आहेत. त्यामुळं शहरातून करायचं तर नॅरोबँडला पर्याय नाही हे निशाचर म्हणतात ते खरं आहे.

पण गच्चीकर, आणखी कशाकशाचे फोटो काढायचेत ते आधी ठरव. देवयानी दीर्घिका, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ, यांना हा फिल्टर काडीचा उपयोगाचा नाही. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा उजेड, तो सगळ्या रंगांत असतो, फिल्टर त्यालाही घरी पाठवतो. त्यासाठी मामाच बरा.

मोडकातोडका
सगळे फिल्टरवर बोलताय पण मूळ दुखणं कुणी बघत नाही. त्याचा कॅमेरा मूळ अवस्थेतला आहे ना! कंपनी सेन्सरपुढं जी काच बसवते ती लालच्या टोकाला कापते, माणसांच्या चेहऱ्याचे रंग नीट यावेत म्हणून. हायड्रोजन अल्फा त्या काचेतून जेमतेम पाव हिस्सा आत येतो. वर रंगीत सेन्सरमध्ये चार पिक्सेलपैकी लाल एकच. म्हणजे चाराण्यातले चाराणे. ज्याच्याकडं मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आहे त्याला रुपया मिळतो, तिथं तुला एक आणा.

एका आण्यावर तीस हजारांचं कुलूप लावणार का तू? आधी ती काच काढून घे, फिल्टरपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं.

गच्चीकर
बाप रे. एक आणा हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

काच काढली की लग्नाकार्यात फोटो लाल येतील ना पण? घरातला तोच एक कॅमेरा आहे.

मोडकातोडका
येतील. कस्टम व्हाइट बॅलन्स लावला की बरेच सुधारतात. नाहीतर सगळे लाजलेत म्हणून सांगायचं.

शंकासुर
एक मूलभूत शंका. निशाचररावांनी मागं टाकलेला रोझेटचा फोटो पाहिला, सोनेरी कडा, आत निळं. आणि आजोबांचा फोटो गुलाबी-लाल. एकच वस्तू ना? मग खरा रंग कुठला? मला तर हे फेअरनेस क्रीमच्या जाहिरातीसारखं वाटतं. आधी-नंतर.

निशाचर_नाशिक
आला! मी वाटच बघत होतो.

माझा फोटो हबल पॅलेटमधला. १९९५ साली हबल अवकाश दुर्बिणीनं गरुड तेजोमेघातले ते खांब टिपले, तेव्हा गंधक लाल, हायड्रोजन हिरवा आणि ऑक्सिजन निळा अशी वाटणी केली होती, तीच आम्ही चालवतो. कारण हायड्रोजन आणि गंधक दोन्ही मुळात लालच, डोळ्याला फरक कळणारच नाही. वेगळे रंग दिले की कुठला वायू कुठं आहे ते दिसतं. नकाशात सातारा जिल्हा गुलाबी दाखवतात म्हणून साताऱ्याचा डोंगर गुलाबी असतो का?

मिसळ_साताऱ्याची
सप्टेंबरात कासला असतो.

शंकासुर
@मिसळ हसून हसून पुरेवाट

@निशाचर नकाशाखाली सूची असते हो. तुमच्या फोटोखाली "काल रात्रीचं आकाश" एवढंच लिहिलेलं होतं. माझ्या काकूनं तो फॉरवर्ड करून "देवाची लीला" म्हटलं, आता तिला काय सांगू की लीलेचा हिरवा चॅनल निशाचरांनी कमी केलाय?

निशाचर_नाशिक
हा टोला बरोबर बसला. पुढच्या वेळी खाली लिहीन. हिरवा कमी करावाच लागतो पण, नाहीतर हायड्रोजन एवढा जास्त असतो की सगळा फोटो पालकाच्या भाजीसारखा दिसतो.

आजोबांची_दुर्बीण
शंकासुर, "खरा रंग" म्हणजे कुणाच्या डोळ्याला? मी आठ इंची दुर्बिणीला ऑक्सिजनचा फिल्टर लावून माळशेजच्या वर रोझेट पाहिलाय. राखाडी. ओल्या भिंतीवर पोपडा धरावा तसा, तोही नजर जरा बाजूला ठेवली तर. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही आणि लाल तर जवळपास दिसतच नाही. म्हणजे डोळ्याला प्रमाण मानलं तर गुलाबी पण खोटा.

ऑक्सिजनच्या त्या हिरव्या रेषेची गोष्ट मजेदार आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सनं एका तेजोमेघाचा उजेड वर्णपटात पसरून पाहिला, तर अशी रेष दिसली जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. मग लोकांनी "नेब्युलियम" नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं. १९२७ मध्ये आयरा बोवेननं उलगडा केला, की हा आपला ऑक्सिजनच, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. आणि वायू इतका विरळ की इथल्या प्रयोगशाळेत जे होणं अवघड, ते तिथं निवांत होतं. गच्चीकर तीस हजार देऊन ज्या रेषेला वाट करून देणार आहे ती साठ वर्षं चुकीच्या नावानं जगत होती.

कोकणी_बाणा
वा आजोबा! असंच हेलियम आपल्या विजयदुर्गावर सापडलं. १८६८ चं सूर्यग्रहण, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर साहेब किल्ल्यावर येऊन बसला होता, साहेबाचे ओटे अजून आहेत. कोकणाचं नाव कुणी घेत नाही.

आजोबांची_दुर्बीण
बाणा, ओटे आहेत, बघायला जरूर जा. पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. १८ ऑगस्टचं ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेननं गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियरनं ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, घरच्या आकाशात सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेष पाहिली. तेव्हा हेलियम त्याला विजयदुर्गावर सापडलं असं म्हणता येत नाही.

कोकणी_बाणा
शाळेपासून ऐकलेलं हो. आजोबा, दिवाळी झाली की येतो तुमच्याकडं भांडायला.

भिंगरी
मामाचं काय झालं?

तांबडी_माती
पणजीहून. इथले सगळे आकाशाच्या काळेपणावर बोलताहेत, दव कुणी बोलत नाही. आमच्याकडं अकरा वाजले की लेन्सवर घाम. एकदा चांगले चार तासांचे फ्रेम काढले आणि सकाळी बघते तर पहिले चाळीस सोडून सगळे दुधात. कमरेला बांधायचा शेकायचा पट्टा असतो ना तसला यूएसबीवरचा पट्टा लेन्सला गुंडाळते आता. फिल्टर घ्यायच्या आधी तो घ्या, हजार रुपयांत काम होतं.

अवकाळी
दव निदान पुसता येतं. आपला खरा शत्रू पाऊस. ते खांब असलेला गरुड मेघ, धनू राशीतले सगळे लगून-बिगून मेघ, मध्यरात्री ऐन माथ्यावर कधी येतात तर जून-जुलैत! तेव्हा आपण छत्री शोधत असतो. मग मार्च-एप्रिलात पहाटे तीनला उठायचं आणि दोन तासांत उजाडतंय. ज्या देशात पावसाळा नाही तिथल्या लोकांचे फोटो बघून इनो घेतो मी.

टेक्सासची_गाय
ऑस्टिनच्या बाहेर राहते, घरामागंच बऱ्यापैकी काळं आकाश. इनो पाठवू का? :)

गंमत अशी की मी काळ्या आकाशाखाली असूनही नॅरोबँडच करते, कारण नोकरी आणि दोन मुलं. अमावस्येचा शनिवार आणि मोकळं आकाश हे तिन्ही जुळून येणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त. हायड्रोजनचं काम चांदण्यात पण होतं, पौर्णिमेला सुद्धा, चंद्रापासून लांबचं काही निवडायचं. ऑक्सिजनला मात्र चंद्र बाधतो, विखुरलेलं चांदणं निळ्या-हिरव्याकडं जास्त असतं. म्हणून मी चांदण्या रात्री हायड्रोजन आणि काळोख्या रात्री ऑक्सिजन असे पाळीपाळीनं घेते. ड्युअल-बँडमध्ये दोन्ही एकदमच येतात, तिथं ही सोय नाही.

गच्चीकर, कोजागिरीला मसाला दूध पिता पिता हंस राशीतल्या उत्तर अमेरिका मेघाचा हायड्रोजन घ्या. चंद्र बराच लांब असतो.

गच्चीकर
ताई, कोजागिरीला गच्चीवर सगळी सोसायटी असते. मागच्या वर्षी सेक्रेटरींनी विचारलं, "हे ड्रोनचं परमिशन घेतलंय का?"

यंत्रविशारद
मी शांतपणे वाचत होतो पण आता बोलतो. ९० सेकंदांत नॅरोबँड अपुरं पडतं. फिल्टरनंतर फ्रेम इतकी काळी होते की कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट वर येतो, निदान ३ ते ५ मिनिटांचे फ्रेम हवेत. ५ मिनिटं तुझा ट्रॅकर २०० मिमीला धरणार नाही, म्हणजे गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून चाल सतत सुधारणं). गाइडिंगला छोटी दुर्बीण, दुसरा कॅमेरा, लॅपटॉप. वजन वाढलं म्हणजे मोठं माउंट (सगळं सामान पेलून फिरवणारा आधार). माउंट आलं की बॅटरी. लंगोटी कुरतडतो म्हणून उंदराला मांजर, मांजराला दूध म्हणून गाय, त्या साधूची गोष्ट आहे ही. मी गायीपर्यंत पोचलोय. आता गोठा बांधायचा विचार चाललाय, छतावर सरकत्या पत्र्याचा.

गच्चीकर
:( आणि ट्रॅकरचा आस ज्याच्याकडं रोखायचा तो ध्रुव तारा? तो तर मला दिसतच नाही. पुण्याला साडेअठरा अंशांवर, बरोबर शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागं.

यंत्रविशारद
आपल्या सगळ्यांचं तेच. उंची कलमापकानं साडेअठरा लावायची, दिशा होकायंत्रानं, आपल्याकडं चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फारसा फरक नाही ते नशीब. मग ड्रिफ्ट, म्हणजे तारा किती सरकतो ते बघून बारीक दुरुस्ती. मोठ्या माउंटला आणखी गंमत, इतक्या कमी अक्षांशाला वजनाचा दांडा तिपाईच्या पायावर आपटतो. बनवणारे लोक चाळीस-पन्नास अंशांवर राहतात, त्यांच्या हे गावीही नसतं.

संत्रा_बर्फी
नागपूरकर. मामा नसतील तर पेंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. आसपासच्या गावांतले दिवे सुद्धा बदलून घेतले. तिथं साध्या कॅमेऱ्यानं, विना फिल्टर रोझेट गुलाबी आलाय मला, एक आणावाल्या कॅमेऱ्यानंच. मी फक्त एवढं म्हणीन की फिल्टरनं फोटो मिळतो, आकाश मिळत नाही. आमच्या पोरीनं तिथं पहिल्यांदा आकाशगंगा बघितली आणि विचारलं, बाबा हा ढग कधी जाणार?

निशाचर_नाशिक
मान्य. पण मंगळवारी रात्री साडेदहाला जेवून गच्चीवर जायचं तर पेंच नाही ना येत. वर्षाला चार अमावस्या आणि त्यातल्या दोन ढगाळ, का गच्चीवरच्या साठ रात्री, हा हिशोब आहे. फोटोचा दर्जा दुप्पट करायला वेळ चौपट लागतो. वेळ गच्चीवरच मिळतो.

मोडकातोडका
@यंत्रविशारद यांनी पोराला घाबरवलं उगीच. गाय नको. त्याच्याकडं जे आहे त्यात होतं. २ इंची फिल्टरचा आटा ४८ मिमीचा असतो. लेन्सच्या तोंडाला ७२ ते ४८ अशी स्टेप-डाउन रिंग लावायची, ती फोटोच्या दुकानात मिळते, नाही मिळाली तर दोन जोडायच्या. फिल्टर पुढंच बसतो, आणि ४८ मिमीचंच भोक उरल्यामुळं लेन्स आपोआप एफ ४.२ ची होते, तारेही गोल येतात. आयएसओ १६००, दोन मिनिटांचे फ्रेम, भरपूर. कोपरे काळवंडतात, त्यासाठी फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे फोटो, दुरुस्तीसाठी) काढ, उजाडायच्या वेळी तोंडावर पांढरा पंचा ताणून बांधायचा. फोकस मात्र फिल्टर लावूनच, व्याधावर कर.

मी वारज्यात राहतो. फिल्टर आहे माझ्याकडं, महिनाभर ने. विकत घेऊ नकोस, आधी बघ.

गच्चीकर
दादा!!! दंडवत. उद्याच येतो.

भिंगरी
धागा सार्थकी लागला. वाचनखूण साठवली.

गच्चीकर
(सव्वा महिन्यानं) अपडेट देतो, उशिराबद्दल माफी.

दादांचा फिल्टर आणला. पहिल्या रात्री काहीच नाही, कारण लेन्सची टोपी काढली पण हीटरचा पट्टा घसरून अर्ध्या काचेवर आला होता. दुसऱ्या रात्री शेजारच्या काकूंनी गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या वाळत टाकलेल्या, त्या गोळा करेपर्यंत साडेनऊ. मग चार रात्री मिळून सात तास, दोन मिनिटांचे २१०. आधीसारखेच २१० हा योगायोग.

एक फ्रेम उघडली आणि वाटलं कॅमेरा बिघडला. काळी. केशरी काहीच नाही. चार-सहा तारे. बायको म्हणाली, "तीस हजारांत अंधार विकत घेतोस का?" मग सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती तयार स्क्रिप्ट चालवली, लाल पिक्सेलमधून हायड्रोजन आणि हिरव्या-निळ्यातून ऑक्सिजन वेगळा काढणारी. हायड्रोजनचा स्टॅक ताणला. आणि आलं ना वर! पूर्ण कडं, मधलं भोक, भोकाच्या कडेनं काळ्या सुरवंटासारख्या रेघा. मधल्या तरुण ताऱ्यांच्या वाऱ्यानं ते भोक पडलंय म्हणे. पाचेक हजार प्रकाशवर्षांवरचं, पाण्याच्या टाकीशेजारून. रात्री पावणेदोनला मी बायकोला उठवलं. ऑक्सिजन अगदीच धूसर, मधे थोडासा.

मग तिसरा प्रयोग. संक्रांतीनंतरच्या अमावस्येला मामाकडं गेलो, फिल्टर न लावता दीड तास. गुलाबी, फिकट, पण आहे. आणि ताऱ्यांचे रंग काय सुंदर, फिल्टरमध्ये सगळे चुन्याचे ठिपके होतात ते इथं केशरी, निळे. आता मामाकडचे तारे आणि गच्चीवरचा मेघ जोडलेत. फोटोखाली सगळं लिहिलंय, शंकासुरांच्या काकूंसाठी. लाल तो हायड्रोजन, निळसर तो ऑक्सिजन.

ठरलं असं: आधी कॅमेऱ्याची काच काढणार. फिल्टर पुढच्या दिवाळीला.

शंकासुर
काकूंना पाठवला. म्हणाल्या, आधीचा सोनेरी जास्त छान होता.

निशाचर_नाशिक
काकूंचा पत्ता द्या, प्रिंट पाठवतो.

मिसळ_साताऱ्याची
मामाकडं जेवायला काय होतं?

गच्चीकर
बाजरीची भाकरी, पावट्याची उसळ, आणि मामांनी "सगळे दिवे घालवा रे, भाच्याचा फोटो चाललाय" म्हणून वाडीत ओरडून ठेवलेलं. एक जण ऐकला नाही, त्याची गाय व्यायची होती.

यंत्रविशारद
बघा, गाय आलीच.

मोडकातोडका
फोटो झकास. महिना होऊन गेला. फिल्टर?